टॅलीची जुनी आवृत्ती ठेवा, पण तिचं ताट वेगळं वाढा

कृषी केंद्र असो, जिनिंग असो की दाल मिल, तालुक्याच्या गावात हिशेबाच्या कॉम्प्युटरवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर दोनदा बसवलेलं दिसतं. एक जुनी आवृत्ती, ईआरपी 9, दुसरी नवी, प्राइम. यात चूक काहीच नाही. गोची होते ती दोघी एकाच डेटाच्या फोल्डरातून जेवतात तेव्हा.

प्राइम 2.1 पर्यंत हे खपून जायचं, कारण ईआरपी 9 च्या शेवटच्या आवृत्त्यांचा डेटा तिथे जसाच्या तसा उघडत होता. 2023 मध्ये प्राइमचं 3.0 आलं. जीएसटीचा भाग नव्याने बांधला गेला, एका कंपनीत अनेक जीएसटी नोंदण्या ठेवायची सोय झाली आणि त्यासोबत डेटाची मांडणीच बदलली. आता जुनी कंपनी, म्हणजे एका धंद्याचा टॅलीतला सगळा हिशेब, नव्यात उघडायची तर आधी मायग्रेट करावी, म्हणजे नव्या मांडणीत बदलून घ्यावी लागते, आणि एकदा मायग्रेट झालेला डेटा जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही.

कुठला डेटा कुणाचा, हे फोल्डर उघडलं की कळतं. कंपनीच्या आकडी नावाच्या फोल्डरात, म्हणजे 10000, 10001 असं असतं त्यात, फाइलींच्या शेवटी .900 असेल तर तो जुना. .1800 असेल तर 3.0 नंतरचा. विंडोजमध्ये एक्स्टेंशन लपलेलं असतं, ते आधी दिसतं करा.

मांडणी अशी करा. टॅली पूर्ण बंद करून डेटाच्या अख्ख्या फोल्डराची एक प्रत डी ड्राइव्हवर, दुसरी पेन ड्राइव्हवर. कॉपी चालू असताना लाइन गेली तर अर्धवट प्रत पदरात पडते, म्हणून यूपीएसची बॅटरी खरंच टिकते का ते आधी बघून घ्या. मग नवी टॅली बसवताना सेटअप ‘अपग्रेड’ सुचवेल. तिथे नुसतं एंटर दाबत जाऊ नका, नवीन इन्स्टॉल निवडा आणि फोल्डर वेगळा द्या. पुढचं काम टॅली डॉट आयएनआय या फाइलीत. ती प्रत्येक टॅलीच्या फोल्डरात स्वतंत्र असते, नोटपॅडमध्ये उघडते. त्यातली ‘डेटा’ची ओळ जुन्यात जुन्या फोल्डराकडे आणि नव्यात डी ड्राइव्हवरच्या नव्या प्रतीकडे जाते ना, हे डोळ्यांनी बघा. नव्याची ओळ जुन्या फोल्डराकडेच राहिली, की दुकानातला पोरगा कंपनी उघडतो, समोर मायग्रेट आलं की एंटर मारतो, आणि तो डेटा जुन्या टॅलीत उघडेनासा होतो.

मायग्रेशननंतर 31 मार्चचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता), स्टॉक समरी (शिल्लक मालाची यादी) आणि उधारीची यादी दोन्हीकडे काढून ताडून बघा. एक रुपयाचा फरक असला तरी थांबा. नवीन नोंदी सुरू झाल्यावर तो फरक शोधणं म्हणजे तुरीच्या ढिगातला खडा.

बिलावर लॉट नंबर, मुदत संपायची तारीख छापणारा टीडीएल, म्हणजे टॅलीला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, कुणाकडून बनवून घेतला असेल तर तो नव्या आवृत्तीत चालेलच असं नाही. मेनू आणि रिपोर्टांची आतली रचना बदललेली असते, त्यामुळे एखादा रकाना गायब होतो नाहीतर फाइल चढतच नाही. दोन-चार खोटी बिलं नव्या प्रतीच्या आणखी एका प्रतीत छापून बघा. आणि हे काम मे महिन्यातल्या दुपारी करा, गावात कुत्रंही बाहेर नसतं तेव्हा. मृगात काउंटरवर बियाण्याची रांग लागलेली असताना टीडीएलवाल्याला फोन लावायची पाळी नको.

दोन्ही टॅली एकदम उघडल्या तर आधी उघडलेली 9000 पोर्ट, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना टॅलीतून आकडे घ्यायचा दरवाजा, धरून बसते. ओडीबीसीने, म्हणजे थेट टॅलीतून आकडे ओढणाऱ्या जोडणीने, जोडलेली एक्सेलची शीट मग बिनबोभाट तिचेच आकडे देते. जुनीला 9001 देऊन टाका. तिला लायसन्स सापडलं नाही तर ती एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. तिथे 1, 2 आणि 31 तारखेच्याच नोंदी होतात. पण जुन्यात नव्या नोंदी करायच्याच नाहीत, त्यामुळे अडत नाही.

ही जुनी टॅली किती वर्षं ठेवायची? जीएसटी कायद्यात हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपायचे आहेत. 2023-24 ची देय तारीख 31 डिसेंबर 2024 होती, म्हणजे त्या वर्षाचा डेटा 31 डिसेंबर 2030 पर्यंत. डेटासोबत त्याच आवृत्तीची सेटअप फाइल आणि टीडीएलची फाइलही त्याच पेन ड्राइव्हवर टाका.