चाळिशी, सेहेचाळिसाव्या वर्षी

मंगळवार, रात्र

झालं काहीच नाही खरं तर. सोबत काम करणाऱ्या सूरजने माझ्या हातातला वेल्डिंगचा होल्डर, म्हणजे रॉड धरायचा चिमटा, घेतला, एवढंच. हिसकावून नाही, हळूच. म्हाताऱ्या माणसाच्या हातातला चहाचा कप आपण सांडेल म्हणून घेतो ना, तसा. "काका, द्या इकडे, हे मी मारतो." आणि मी दिला. दिला, हेच जास्त लागतंय.

डबल बॉटमच्या टँकमध्ये होतो. जहाजाच्या तळाला खाली एक पत्रा, वर एक पत्रा आणि मधे खुराड्यासारखे कप्पे, त्यातला एक. शिरायचं ते ६०० बाय ४०० मिलिमीटरच्या भोकातून, आधी हात, मग डोकं, मग एक खांदा तिरका करून दुसरा, आणि पोट सगळ्यात शेवटी, देवाचं नाव घेऊन. सकाळी सेफ्टीवाल्याने मीटर आत सोडून ऑक्सिजन बघितला, २०.९ टक्के आला, मग सोडलं. १९.५ च्या खाली गेला तर कोणी आत जायचं नाही. भोकावर एकजण दिवसभर बसून असतो, आत कोण आहे ते लिहीत. ब्लोअरचा पाइप असतो पण मे महिन्यात लोखंडाच्या डब्यात ब्लोअर पण गरमच हवा मारतो.

सीम, म्हणजे पत्र्यांचा सांधा, डोक्यावर होती. पाठीवर झोपून, मानेखाली फडक्याची गुंडाळी, हात वर. या पोझिशनला काय होतं ते करणाऱ्यालाच माहिती. वितळलेलं लोखंड खाली पडायला बघतं आणि आपण त्याला वर चिकटवायला बघतो. ३.१५ मिलिमीटर जाडीचा रॉड असेल तर टोक आणि पत्रा यात तेवढंच अंतर ठेवायचं, तीन मिलिमीटर धरा, जास्त झालं की थेंब आपल्याच अंगावर. आणि रॉड जळून आखूड होत जातो, म्हणजे हात पण त्याच चालीने वर सरकवत राहायचा, श्वास धरून, मिनिटभर तरी. खांदा भरून येतो, ठिणगी कॉलरमधून आत जाते, हलायचं नाही. हललात की बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, गेली.

मला हे सगळं अजून जमतं. म्हणजे खांदा जमवतो, मान जमवते, पाठ रात्री शिव्या देते पण दिवसा गप्प बसते. आवाज पण बरोबर येत होता आज, भजी तळल्यासारखा एकसारखा. मला वाटलं झकास चाललंय. स्लॅग, म्हणजे वेल्डिंगवर जमणारी खपली, ठोकून काढला, ब्रश मारला, तर सूरज टॉर्च लावून वाकला आणि म्हणाला, "काका, इथे आत स्लॅग राहिलाय, बघा." मी बघितलं. मला दिसला नाही. त्याने बोट ठेवून दाखवला, तरी नाही. मग मान मागे नेली, आणखी मागे, डोकं पत्र्यावर आपटलं तेव्हा दिसला. चार इंचांची काळी रेघ, केसासारखी. ग्राइंडर मारून काढली, परत मारायला होल्डर धरला, आणि तेव्हा त्याने तो घेतला. हळूच.

हसला असता तर बरं झालं असतं. मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि मिटलं असतं.

रत्नागिरीला आयटीआयमध्ये सर पहिल्या दिवसापासून एकच सांगायचे, उजेडाकडे बघू नको, पाण्याकडे बघ. वितळलेल्या लोखंडाला ते पाणी म्हणायचे. काळ्या काचेतून बघितलं की त्यात दोन गोष्टी दिसतात, एक चकाकतं ते लोखंड आणि त्यावर सायीसारखा सरकतो तो स्लॅग. त्या दोघांमधली कड ज्याला दिसते तो वेल्डर, बाकीचे रॉड जाळणारे. एक वर्षाच्या कोर्समध्ये कड दिसायलाच मला आठ महिने लागले होते. आणि आता ती पुसट होतेय, आणि मला कळलं पण नाही कधीपासून. स्टेशनवरचा इंडिकेटर मी पुलावरून वाचतो हो! फुटभरावरचं दिसत नाही.

आजोबा याच कामाचे, पण रिवेटवाले, तापवलेल्या जाड खिळ्यांनी पत्रे जोडणारे. चौघांची टोळी असायची म्हणे, एक भट्टीत तापवणार, लाल रिवेट फेकणार, दुसरा डब्यात झेलणार, एकजण पलीकडून धरून ठेवणार, एकजण ठोकणार. आमच्या लहानपणी ते ठार बहिरे होते, आजी ओरडून बोलायची, आम्हाला वाटायचं भांडतात. त्यांच्या हातातला हातोडा कोणी हळूच घेतला होता का कधी, हे आज पहिल्यांदा मनात आलं. विचारायला आता कोण आहे.

हिला सांगितलं जेवताना. ही म्हणाली, "अहो, चाळिशी लागली, त्यात काय एवढं, भाषेतच शब्द आहे त्याला." आणि स्वतःचा चष्मा काढून दिला. तो लावून पेपर वाचला, खालची बारीक टेंडर नोटिससुद्धा. मग हातावरचे ठिणग्यांचे डाग बघितले, बरेच निघाले, मला वाटायचं सात-आठच आहेत. हसू आलं खरं. ही म्हणते आरसा बघ आता, तेवढी हिंमत नव्हती. आणि सूरजच सांगत होता जिना चढताना, की हेल्मेटच्या काचेमागे लावायची भिंगाची काच मिळते, दीड नंबर, दोन नंबर. मी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

(साडेअकरा) आत्ता त्याचाच फोन. "काका, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय, पाणी थांबत नाही." डोळ्याला वेल्डिंग लागलंय. माझं वेल्डिंग बघायला वाकला तेव्हा हेल्मेट खाली घेतलं नव्हतं, एवढ्या जवळून, तेव्हा काही कळत नाही, सहा-आठ तासांनी रात्री बरोबर उठवतं. आई बटाट्याच्या चकत्या ठेवतेय म्हणे. म्हटलं बटाटे भाजीला ठेव, गार पाण्याची पट्टी ठेव, चोळू नको, दिवा बंद कर आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, दुकानातनं ड्रॉप आणून घालू नको. आणि मग ओरडलो पण त्याच्यावर, बऱ्यापैकी, इतकं की ही आतून उठून आली. होल्डर दिल्यापासून तुंबलेलं सगळं निघालं बहुतेक. तो नुसता हो काका, हो काका करत होता.

म्हणजे उद्या तो येत नाही. ती चार इंच पण तशीच राहिलीत, त्याने होल्डर घेतला आणि दोन मिनिटात भोंगा झाला होता. मलाच मारायला लागणार. आणि ती काच नेमकी कुठे मिळते ते विचारायचं राहिलं, आता परत फोन केला तर बरं दिसत नाही.