शेततळ्याच्या काठावरची चप्पल
आज तासगावला मावसभावाच्या द्राक्षबागेत गेलो होतो. गप्पा रंगल्या आणि एकदम लक्षात आलं, आमचा साडेचार वर्षांचा पोरगा कुठं दिसत नाही. शेततळ्याच्या काठावर सापडला. एक चप्पल पाण्यावर तरंगत होती आणि हा ती काढायला वाकलेला. हाक मारली नाही, दचकला असता. मागून जाऊन कमरेला धरला. माझे हात अजून थरथरतायत.

मी सांगलीच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, म्हणून वाटायचं पाण्याचं आपल्याला कळतं. पण शेततळं वेगळं. आत प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, तिरका उतार. पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढताना घसरतो. घाटाला निदान पायऱ्या असतात. आणि बुडणारं पोर बहुतेक वेळा ओरडत नाही हो, श्वासच मिळत नसतो त्याला.

संध्याकाळी दोघांनी मिळून गाठी मारलेले नायलॉनचे दोर चारी बाजूंनी आत सोडले, वर खांबांना घट्ट बांधले. ट्रकची जुनी ट्यूब हवा भरून काठावर ठेवली. कुंपणाची जाळी उद्या येतेय. निघताना वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वेळी पोरांना आणताना आधी फोन करा, एक माणूस फक्त त्यांच्यामागं ठेवू."