पोर्टलवर २, ॲपमधे ४

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसला मी छोटं ॲप करून दिलंय, डॉट नेटमधलं (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅमिंगचं साधन). कोल्ड रूमचं टेंपरेचर ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की मालकांना मेसेज जातो, बाकी काही नाही. तो आकडा मी आळशीपणा करून ॲपसेटिंग्ज डॉट जेसॉन या ॲपसोबतच जाणाऱ्या सेटिंगच्या फाईलमधेच टाकून ठेवलेला, ४ डिग्री. जानेवारीत सीझन सुरू झाला आणि आप्पांचा (मालक, सगळे आप्पाच म्हणतात) फोन, "अरे ४ ला मेसेज येऊन काय उपयोग, माल मऊ पडल्यावर सांगतो का? २ कर." बरोबरच होतं त्यांचं, द्राक्ष शून्याच्या आसपासच ठेवतात. पण एका आकड्यासाठी परत बिल्ड, परत डिप्लॉय (म्हणजे ॲप नव्याने तयार करून सर्व्हरवर चढवायचं), आणि आप्पा आठवड्यात दोनदा तरी मत बदलणार हे मला पक्कं माहीत.

ॲप अझूर ॲप सर्व्हिसवर आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या भाड्याच्या सर्व्हरवर, तिथे पोर्टलमधे (त्यांच्या कंट्रोलच्या वेबसाईटवर) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स नावाचं पान असतं. तिथे नाव आणि व्हॅल्यू भरली की ॲप सुरू होताना त्याला ती मिळते आणि डॉट नेट फाईलमधला आकडा सोडून हीच धरतं. म्हणजे कोडला हातच लावायचा नाही. म्हटलं पाच मिनिटांचं काम, कॉलेज रोडला मिसळ खायला जायच्या आधी उरकून टाकू.

भरलं, अप्लाय दाबलं, टॅब बंद केला. मिसळ खाऊन येऊन लॉग (ॲप काय करतंय त्याची नोंद) बघतो तर लिमिट ४. तो अप्लाय फक्त बाजूच्या छोट्या खिडकीचा होता, खाली पानाचा वेगळा अप्लाय असतो, तो दाबून कन्फर्म केलं की मग सेव्ह होतं आणि ॲप रिस्टार्ट होतं. माझी घाई, दुसरं काय. दुसऱ्यांदा नीट केलं, ॲप रिस्टार्ट झालेलं पण दिसलं, आणि लॉगमधे परत ४!

इथे मात्र माझे दोन तास गेले. पोर्टलवर डोळ्यासमोर २ दिसतोय आणि ॲप ४ च म्हणतंय, स्पेलिंग तीनदा तपासलं, लॅपटॉपवर तीच सेटिंग टाकून बघितली तर तिथे चालतेय, मग डोकंच फिरलं. शेवटी लक्षात आलं की लॅपटॉप विंडोजचा आणि सर्व्हर लिनक्सचा. फाईलमधे कोल्डरूमच्या आत मॅक्सटेंप आहे म्हणून मी पोर्टलवर नाव दिलेलं कोल्डरूम कोलन मॅक्सटेंप. लिनक्सवर व्हेरिएबलच्या नावात कोलन चालत नाही, तिथे डबल अंडरस्कोर द्यायचा, एक नाही, दोन, डॉट नेट वाचताना त्याचा कोलन करून घेतं. दोन आडव्या रेघा मारल्या, रिस्टार्ट, लॉगमधे लिमिट २. घरात एकटाच ओरडलो.

चार दिवस शांततेत गेले. मग रात्री साडेदहाला आप्पांचा व्हॉट्सॲप, "दार उघडलं तरी मेसेज येतोय, २.५ कर." आता काय, आपण एक्सपर्ट, मेसेजमधला आकडा कॉपी करून पोर्टलवर पेस्ट केला, दोन्ही अप्लाय दाबले आणि झोपायला निघालो. सहज लॉग उघडला तर ॲप सुरूच होईना, व्हॅल्यू कन्व्हर्ट होत नाही म्हणून एरर. पोर्टलवरून येणारं सगळं टेक्स्टच असतं, त्याचा नंबर ॲप करतं, आणि आप्पांच्या फोनचा कीबोर्ड मराठी. म्हणजे मी मराठीतला २.५ चिकटवला होता. इंग्रजी आकडा टाकल्यावर सुरू झालं.

आप्पांना काही सांगितलं नाही. सकाळी त्यांचाच मेसेज आला, "आता बरोबर चाललंय, पण ३ केलं तर?"