मामांचा काटा

आमच्याकडे पाहुण्यांचा गळीत हंगाम मे महिन्यात सुरू होतो, तो सप्टेंबरअखेर बॉयलर थंड होईपर्यंत चालतो. टोरोंटोच्या आसपासच्या कुठल्याही मराठी घरात विचारा, हेच सांगतील. सीएन टॉवर, नायगरा, बेटं, मत्स्यालय, मधल्या एखाद्या रविवारी देऊळ. पाहुणे ताजेतवाने होऊन विमानात बसतात आणि चिपाड आपलं होतं.

यंदा थोरले मामा आले होते. मामांनी अख्खी नोकरी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात, वजनकाट्यावर काढली. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण काटा काही डोक्यातून उतरलेला नाही. काहीही दाखवा, "छान आहे" वगैरे म्हणणार नाहीत. आधी मोजणार.

सीएन टॉवर ५५३ मीटर आहे म्हटल्यावर त्यांनी त्यात कारखान्याची चिमणी कितीदा बसते याचा हिशेब मांडला असावा, कारण लिफ्ट वर पोचेपर्यंत बोलले नाहीत. वर ती काचेची जमीन आहे, १९९४ साली बसवलेली. खाली बघितलं की थेट ३४२ मीटर. लहान पोरं तिच्यावर लोळण घेतात आणि त्यांचे आईबाप भिंतीला धरून "बघ हां, पडशील" म्हणत असतात. मामांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीशी उभे राहून तळ्याकडे बघत होते.

"पलीकडचा काठ दिसंना."

मग मी माझं नेहमीचं भाषण केलं. लेक ऑन्टारियो, पाच मोठ्या सरोवरांतलं क्षेत्रफळानं सगळ्यात लहान, तरी १९ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपला कोल्हापूर जिल्हा त्यात दोनदा बुडवला तरी पाणी उरेल. बाकीचे पाहुणे या वाक्याला "अरे बापरे" म्हणतात. मामा म्हणाले, "किती एकर भिजंल गं ह्याच्यावर?"

"मामा, इथे ऊस येत नाही. थंडीत सगळं गोठतं."

"मग एवढ्या पाण्याचं करतात काय?"

"पितात."

"एवढं?"

नायगऱ्यालाही तीच तऱ्हा. धुक्यासारखे तुषार अंगावर येत होते, सगळं जग फोन वर धरून उभं, आणि मामांनी विचारलं, "विसर्ग किती?" ज्याच्या घरी दर पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी दाराकडे बघत उभं असतं, त्याला दुसरं काय सुचणार. योगायोगानं हा आकडा मला ठाऊक होता. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० साली करार झालाय. पर्यटकांच्या हंगामात दिवसा किमान एक लाख क्युसेक पाणी धबधब्यावरून सोडायचं, रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं सोडलं तरी चालतं. बाकीचं वीज करायला वळवतात.

मामा एकदम खुलले. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, एकेकातून १४२८ क्युसेक, सगळे उघडले की दहा हजार. "म्हणजे दहा राधानगऱ्या. आणि रात्री निम्मं बंद?" पुढचा अर्धा तास ते धबधब्याकडे एखाद्या हुशार पाटबंधारे अधिकाऱ्याकडे बघावं तसं कौतुकानं बघत होते. हेच पाणी पुढे आपल्या टोरोंटोच्या तळ्यात येतं, हे सांगितल्यावर तर माझे पैसे वसूल झाले.

बेटांवर त्यांना मोजायला फारसं काही मिळालं नाही. फेरीबोटीनं पंधराएक मिनिटं. १८५८ च्या वादळात वाळूची दांडी तुटली आणि तिचं बेट झालं, खासगी मोटारी तिथे चालत नाहीत. झालं. मी इथल्या पूर्वीच्या एका उद्यानप्रमुखाची गोष्ट सांगितली, टॉमी थॉम्पसन नावाचे. त्यांनी बागांमधून 'कृपया हिरवळीवरून चाला' अशा पाट्या लावल्या होत्या. मामांनी चपला हातात घेतल्या आणि खरंच चालत सुटले. "सरकारी पाटी हाय म्हटल्यावर," म्हणाले. जन्मभर बागेत गवताच्या कडेकडेनं फिरलेला माणूस.

मला सांगायचंय ते मात्र वेगळंच. मत्स्यालयाच्या आधी दोन तास मोकळे होते, मुलीला पाण्यात खेळायचं होतं, म्हणून आम्ही शुगर बीचवर गेलो. पूर्वी तिथे गाड्या लावायची जागा होती; २०१० मध्ये वाळू आणून टाकली, पांढऱ्या खुर्च्या मांडल्या आणि गुलाबी छत्र्या रोवल्या. या एकेका छत्रीला अकरा हजार डॉलरच्या वर खर्च आला, म्हणून महापालिकेत रणकंदन झालं होतं. (मामांनी रुपयांत गुणाकार केला आणि छत्रीखालून उठून उन्हात बसले.) गंमत म्हणजे या किनाऱ्यावरून पाण्यात उतरता येत नाही. समोर धक्का आहे. पोरांसाठी बाजूला मेपलच्या पानाच्या आकाराचं कारंजं केलंय, त्यात ती भिजतात.

आणि धक्क्याच्या पलीकडे साखरेचा कारखाना. रेडपाथचा. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला, समुद्रातली मोठी जहाजं थेट या तळ्यात येऊ लागली, त्याच वर्षी हाही सुरू झाला. ब्राझील आणि मध्य अमेरिकेकडून कच्ची साखर जहाजानं येते आणि इथे ती पांढरी होते. मी या किनाऱ्यावर आधीही आले होते, कारखानाही बघितला होता. त्या दिवशी वारा आमच्या बाजूला होता. मी भडंगाचा डबा उघडत होते आणि वास आला.

मामांनी मान वर केली. "रस उकळालाय."

रस नव्हता तो, पण नाकाला कोण समजावणार. दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या कॉलनीत उतरलं की एसटीच्या दारातच हा वास यायचा. यापेक्षा उग्र, त्यात मळी मिसळलेली. दोन दिवसांत नाक त्याला सरावायचं. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर चिमणीतली काळी भुकटी पडायची आणि मामी ती झटकायची नाही, फुंकायची. झटकली की डाग पसरतो. संध्याकाळी आम्ही भावंडं रस्त्याच्या वळणावर उभी. ट्रॅक्टर चढाला हळू झाला की मागच्या ट्रॉलीतलं कांडं धरायचं आणि लोंबकळायचं. ऊस निघाला तर आपला, नाही निघाला तर गुडघे आपले.

मला मात्र काट्याची खोली जास्त आवडायची. खिडकीबाहेर रस्त्याच्या पातळीत बसवलेला लोखंडी पाटा, त्यावर बैलगाडी येऊन थांबायची. आत मामांसमोर आडवी दांडी, तिच्यावर खाचा. मामा दोन बोटांनी वजन सरकवत न्यायचे, दांडी तरंगायची, थरथरायची आणि मधोमध स्थिर व्हायची. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, बैलसुद्धा. मग कार्बन घातलेल्या तीन प्रतींची पावती. काटा मारतात असं आमच्याकडे प्रत्येक कारखान्याबद्दल बोललं जातं. मामांबद्दल बोललेलं मी ऐकलं नाही. अर्थात भाचीसमोर कोण बोलणार.

मामा उठून कठड्याशी गेले. जहाज लागलेलं होतं. क्रेनचा पंजा पोटात उतरायचा आणि तपकिरी साखर घेऊन वर यायचा, कडेनं दाणे गळत. "रॉ शुगर," मामा म्हणाले. "आमच्याकडनं पण एका साली गेलीती भाईर." मग इकडेतिकडे बघून, "वजन कुठं करतात?" ते मला माहीत नव्हतं. "आणि गाड्या न्हाईत, रांग न्हाई. कारखाना हाय आणि तोडणीवालं एक पोर दिसंना."

"ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी मशिननंच तोडतात मामा आता."

"हूं."

मुलगी कारंज्यातून ओरडत होती, बघा बघा. आम्ही हात केला.

"रात्री रांग लागायची गाड्यांची," मामा कठड्यावर कोपरं टेकून सांगू लागले. "बीडकडची माणसं. तुला आठवत असंल, वर उसावर पोरं झोपलेली असायची." आठवत होतं. गोधडीतून बाहेर आलेला एखादा पाय. माझ्याएवढ्याच वयाचा असायचा तो पाय, आणि आम्ही ओढायचो तो ऊस असल्याच कुणीतरी तोडून, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहिलेला असायचा, हे त्या वेळी डोक्यात आलं नव्हतं.

"मग त्या पोराचं वजन उसात धरलं जायचं?"

मामांनी असा प्रश्न येणार हे धरलेलंच असावं. "न्हाई. गाडीचं वजन दोनदा होतंय. भरलेली एकदा, ऊस उतरला की रिकामी एकदा. पोरगं दोन्ही वेळंला वरच असलं की वजा होतंय."

"आणि मधे उतरलं तर?"

क्रेन वर आली, फिरली, रिकामी होऊन परत गेली.

"काहीजण उतरवायचे," मामा म्हणाले. "रिकाम्या गाडीच्या वेळंला. पंधरा-वीस किलो जास्त लागायचं मग. त्यांना टनावर पैसे."

"तुम्हाला कळायचं?"

"खिडकीतनं दिसतंय की सगळं."

"मग?"

"मग काय? पावती फाडायची. मागं शंभर गाड्या उभ्या असायच्या."

मत्स्यालयाची तिकिटं साडेतीनची होती आणि मुलीचे कपडे अजून बदलायचे होते.