मोशी: किलिमांजारोच्या उतारावर, कॉफी खरेदीच्या हंगामात

टांझानियातल्या मोशीत बहुतेक प्रवासी शिखर चढायच्या आदल्या रात्रीपुरते थांबतात. आम्ही शिखराच्या वाटेला गेलोच नाही. इथल्या छोट्या कॉफी शेतकऱ्यांची सहकारी व्यवस्था बघायची होती, आणि ती आपल्या प्रवरानगरच्या कारखान्यापेक्षाही जुनी आहे. या उतारावर राहणाऱ्या चग्गा समाजातल्या शेतकऱ्यांची पहिली संघटना १९२५ ची. केएनसीयू (किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियन) हा सहकारी संघ १९३३ चा. सरकारने १९७६ मध्ये सहकारी संघ मोडीत काढले, पुढे १९८० च्या दशकात पुन्हा उभे राहू दिले.

मुंबईहून अदिस अबाबामार्गे किलिमांजारो विमानतळ, तिथून मोशी तासाभरावर. ई-व्हिसा घरूनच काढा. पिवळ्या तापाच्या लसीचे नियम आधी तपासा. घ्यायची असेल तर निघण्याच्या किमान १० दिवस आधी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे, सामान बांधताना लक्षात असू द्या.

वरच्या गावांत जायला डालाडाला, म्हणजे आपली वडाप. मातेरुनीत कॉफी भाजण्या-कुटण्याचा गाण्यासकट कार्यक्रम करतात. मजा येते, पण तो पाहुण्यांसाठी असतो. खरं बघायचं तर गावच्या प्राथमिक संस्थेत (तिथे तिला अ‍ॅमकॉस म्हणतात) खरेदीच्या दिवशी जा. हंगाम साधारण जुलै ते डिसेंबर. वाटाड्या संस्थेच्या सभासदाच्या घरचा असला तर उत्तम.

जमीन एक-दीड एकर, तीही तुकड्यांत: वर केळी, मध्ये कॉफी, खाली घेवडा, कडेने डोंगरातून आणलेला पाट. साधारण सहा किलो लाल फळांतून जेमतेम किलोभर हिरवे दाणे निघतात. एवढासा माल घेऊन कोणी एकटा मोशीच्या लिलावात उतरू शकत नाही. संस्था तो एकत्र करते, प्रत लावते, लिलावापर्यंत नेते. जिथे संस्थेचं स्वतःचं पल्पिंग केंद्र (फळाची साल-गर काढायची जागा) आहे तिथे फक्त पिकलेली फळं घेतात आणि सगळ्यांचा माल एकसारखा धुऊन निघतो; घरोघरी हातयंत्रावर केलेल्या मालाला ती सर नाही.

पैसे आपल्या उसासारखेच: माल घातल्यावर पहिली उचल, विक्रीनंतर दुसरा हप्ता. दुखणं इथेच आहे. १९९४ पासून खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा होती, आणि ते दारात रोख मोजत; २०१८ मध्ये सरकारने गावातली ही थेट खरेदी बंद केली. शाळा जानेवारीत सुरू होतात. व्यापाऱ्यांना मुभा असताना फी भरायच्या वेळी हप्ता रखडला, तर सभासद पुढच्या साली कोणाकडे जाई हे सांगायला नको. काही प्राथमिक संस्था तर संघातून बाहेर पडून जी-३२ या नावाने स्वतःच कॉफी विकू लागल्या. मला हे सहकाराचं अपयश वाटत नाही. सभासदाला जायला दुसरं दार असलं की संघाला हिशेब चोख ठेवावा लागतो.

तेव्हा सचिवांना दोनच गोष्टी विचारा: मागच्या वर्षीचा दुसरा हप्ता कधी मिळाला, आणि वजनाची पावती सभासदाच्या हातात मिळते का. त्याआधी वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ (आदराचा नमस्कार) म्हणायला विसरू नका, फोटोही विचारूनच काढा.

शाकाहाऱ्यांनी चपाती, घेवड्याची आमटी आणि उकडलेली केळी मागावीत. केळ्यांच्या ‘मतोरी’ सूपमध्ये मात्र मांस असतं. भाजलेली कॉफी मोशीत संघाच्याच युनियन कॅफेत घ्या. मार्च ते मे टाळा, पावसात वरच्या वाटा नुसत्या चिखलाच्या होतात.