दिवेलागणीची साक्ष

सोलापूरच्या न्यायालयातील साक्षींचे इंग्रजी भाषांतर करण्याचे काम मी बरीच वर्षे केले. खुनाच्या एका खटल्यात आरोपीला फाशीची शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयासाठी तयार होणाऱ्या पेपर बुकातील, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांच्या संचातील, काही साक्षी माझ्याकडे आल्या. त्यांत एका वृद्ध बाईंचे वाक्य होते, "दिवेलागणीला तो पळताना दिसल्यासारखा वाटला." पहिल्या खर्ड्यात मी त्याचे "संध्याकाळी त्याला पळताना पाहिले" अशा अर्थाचे वाक्य करून टाकले होते. ताडून पाहताना हात थांबला. दिवेलागण म्हणजे उजेड सरून अंधार पडण्याची वेळ, आणि दिसल्यासारखे वाटणे म्हणजे पाहणे नव्हे. ओळख पटली होती का, हा अपिलातला मुख्य प्रश्न त्या एका वाक्यात होता. मी ते पान पुन्हा लिहिले.

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी खटल्याचे कागद तिकडे पाठवावेच लागतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६६ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०७ मध्ये आहे. आरोपीच्या स्वतःच्या अपिलासाठी ३० दिवसांची मुदत असते. उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासते, पण साक्षीदार सहसा समोर नसतात. त्यांच्या वतीने कागदच बोलतो.

हे तपासणे किती गरजेचे आहे, हे नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका गुन्ह्यावरून कळते. सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली, परंतु २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि राज्याला प्रत्येकी पाच लाख रुपये देण्यास सांगितले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. ते निकालपत्र वाचल्यावर मला कित्येक दिवस त्या दिवेलागणीच्या वाक्याची आठवण येत राहिली.

पूर्वी आरोपीचे नातेवाईक रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जात आणि इंग्रजीतील युक्तिवाद न समजता दिवसभर बसून परत येत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ, सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. अंतर कमी झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. कामकाजाची भाषा मात्र तीच आहे. म्हणून फाशीच्या अपिलात उभे राहणाऱ्या तरुण वकिलांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी प्रत्येक साक्षीचे मूळ मराठी पान शेजारी ठेवूनच भाषांतर वाचावे. मी केलेले असले तरीही.