टाइप करता करताच चूक दाखवणारं क्लँगडी

भाची सुट्टीला आलीये, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सी भाषेसाठी अजून टर्बो सी हा जुना कंपायलरच आहे, डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडायचं, निळी स्क्रीन, ऑल्ट एफ नाईन दाबलं की कंपाइल, म्हणजे कोड तपासून त्याचा मशीन कोड बनतो. मीपण त्याच्यावरच शिकलो. आधी अख्खा प्रोग्राम लिहायचा, मग चुका मोजत बसायचं.

यावेळी माझ्या उबंटूवाल्या लॅपटॉपवर व्हीएस कोड या एडिटरमध्ये तिला क्लँगडीचं एक्स्टेंशन टाकून दिलं, क्लँगडी म्हणजे सी आणि सी प्लस प्लसचा कोड लिहितानाच तपासणारं टूल. मूळ क्लँगडी नसेल तर तेच डाउनलोड करू का विचारतं, मायक्रोसॉफ्टचं सी प्लस प्लसवालं एक्स्टेंशन आधीपासून असेल तर त्याचं इंटेलिसेन्स (त्याची स्वतःची कोड तपासायची सोय) मात्र बंद करा, नाहीतर दोघं एकाच कोडवर बोलत बसतात.

तिने बेरजेचा प्रोग्राम लिहायला घेतला, स्कॅनएफमध्ये (कीबोर्डवरून आकडा वाचणाऱ्या फंक्शनमध्ये) n च्या आधीचं & राहिलं. बोटं थांबतायत तोवर n खाली पिवळी नागमोडी रेघ. माउस नेला तर सांगतंय की इथे इंटचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) पाहिजे आणि तू नुसता इंट (पूर्णांक) दिलायस. "मामा, म्हणजे & लावलं की पत्ता जातो?" हो गं बाई, तेच तर! टर्बो सीमध्ये हे गुपचूप कंपाइल व्हायचं आणि रन केल्यावर भलताच आकडा यायचा, मी त्यात एक अख्खं प्रॅक्टिकल घालवलंय.

एवढं पटकन जमतं कसं, तर फाइलच्या वरचे सगळे इन्क्लूड (बाहेरच्या फाइल जोडणाऱ्या ओळी) ते एकदाच वाचून तयार ठेवतं, प्रत्येक अक्षराला फक्त खालचा भाग परत वाचतं. आणि मशीन कोड बनवतच नाही, नुसतं तपासतं, त्यामुळे खरं म्हणजे हे अर्धंच कंपाइल आहे. मला ते अर्धंच बरं वाटतं. टाइप करतानाच रन पण करणारी एक्स्टेंशन्स असतात, सीसाठी मी ती कोणाला सुचवणार नाही, कारण व्हाइलचा लूप लिहून झालाय आणि आतलं i++ (मोजणी एकने वाढवणारी ओळ) अजून लिहायचंय तेवढ्यात रन झालं तर लूप थांबतच नाही, आणि फाइल डिलीट करणारा प्रोग्राम असेल आणि पाथ अर्धाच लिहून झाला असेल तर काय होईल विचार करा.

एक गोष्ट आवर्जून करा, फोल्डरमध्ये कंपाइल फ्लॅग्ज नावाची टेक्स्ट फाइल बनवा (नावातल्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर) आणि त्यात वॉलचा फ्लॅग (-Wall, म्हणजे जास्तीच्या सूचना दाखव) टाका, न वापरलेले व्हेरिएबलसुद्धा लगेच दिसायला लागतात.

भाचीने आता प्रत्येक प्रोग्रामच्या दोन कॉपी ठेवल्यात, एक इथली आणि एक लॅबची, कारण लॅबमध्ये कोनिओ (टर्बो सीबरोबर येणारी इन्क्लूडची फाइल) आणि गेटसीएच (की दाबेपर्यंत थांबणारं त्यातलं फंक्शन) शिवाय चालत नाही आणि इथे पहिल्याच ओळीला लाल येतं, कोनिओ नावाची फाइलच सापडत नाही म्हणून.